आफ्रिका फॉर नॉर्वे

आफ्रिका फॉर नॉर्वे : नोव्हेंबर 2012 मध्ये यूट्यूबवर आलेले विडंबनगीत. देणगीसाठी अख्ख्या खंडाला केविलवाणे करून दाखवण्याच्या सवयीवर ते बोट ठेवते. नॉर्वेतील विद्यार्थी व प्राध्यापकांच्या ‘साइह’ या मदतसंस्थेने ते दक्षिण आफ्रिकेतील कलाकारांकडून करवून घेतले.

गाण्याची कल्पना अशी : नॉर्वेत मुले थंडीने कुडकुडताहेत, आता आफ्रिकेने गप्प बसून चालणार नाही. गायक ब्रीझी व्ही कळवळून विचारतो, भुकेल्यांकडे कोणी पाठ फिरवत नाही, मग गारठलेल्यांकडे का फिरवायची? हिमदंशानेही माणसे मरतातच की. मग रेडिएटर गोळा होऊ लागतात. गाडीच्या इंजिनातले नव्हेत. थंड देशांत भिंतीशी बसवतात ते, खोली उबदार ठेवणारे. चाल गोड, वृंदगान मनापासूनचे. तेलाच्या पैशावर जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांत गणला जाणारा नॉर्वे पडद्यावर मात्र केवळ बर्फवादळात सापडलेला दिसतो. आफ्रिकेतल्या लोकांना नॉर्वेची एवढीच माहिती मिळाली, तर ते त्या देशाबद्दल काय समजतील, हा साइहचा प्रश्न होता.

रोख दुष्काळग्रस्तांसाठी नामवंत गायकांनी एकत्र गायलेल्या 1984 च्या ‘बँड एड’ गीताकडे आणि त्यातून रुळलेल्या प्रथेकडे आहे. इथिओपियातील दुष्काळ खरा होता, लाखो माणसे दगावली आणि बॉब गेल्डॉफ व मिज युअर यांच्या त्या गीताने मोठा निधी उभा केला, हे नाकारता येत नाही. पण ‘आज नाताळ आहे हे त्यांना ठाऊक तरी आहे का’ असे ते ज्यांच्याविषयी विचारत होते, त्या इथिओपियात ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकापासून राजाश्रयाने नांदला. तिथला नाताळ 7 जानेवारीला असतो. नद्याच वाहत नाहीत असे ज्या भूमीबद्दल गायले गेले, तिथल्याच ताना सरोवरातून निळी नाईल निघते. करुणेच्या भरात माणसांची ओळखच पुसली गेली, आणि ही इजा दुष्काळ सरल्यावरही उरली.

विडंबनाला प्रतिसाद झपाट्याने मिळाला. थोड्याच दिवसांत लाखोंनी ते पाहिले, जगभरच्या वृत्तमाध्यमांनी दखल घेतली. मदत थांबवा, असे मात्र ते म्हणत नव्हते. साइह स्वतः नॉर्वेतल्या विद्यार्थ्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून परदेशांतील शिक्षणाला पैसा पुरवते. टीका घरातूनच आली, म्हणून तिला वजन आले. निधी उभारताना ठोकळेबाज चित्रे विकू नका, शाळांत आणि माध्यमांत पुरी माहिती द्या, मदत लोकांची खरी गरज पाहून करा, या तिच्या मागण्या होत्या.

पुढे 2013 ते 2017 साइहने चांगल्या आवाहनपटाला ‘सोनेरी रेडिएटर’ आणि वाईटाला ‘गंजका रेडिएटर’ असे पुरस्कार दिले. 2017 चा गंजका रेडिएटर ‘कॉमिक रिलीफ’ या ब्रिटिश मदतसंस्थेच्या लायबेरियातल्या चित्रफितीला मिळाला, तिच्यात गायक एड शीरन रस्त्यावरच्या मुलांना भेटतो. 2024 मध्ये बँड एड गीताच्या चाळिसाव्या वर्षाची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात 2014 च्या आवृत्तीतला आपला जुना आवाज वापरण्याआधी विचारले असते तर नकार दिला असता, असे त्याच शीरनने जाहीर केले आणि अशा गीतांनी आफ्रिकेची ठोकळेबाज प्रतिमाच पसरते, हे घानावंशीय गायक फ्यूज ओडीजीचे म्हणणे पुढे केले. फ्यूज ओडीजीने 2014 च्या आवृत्तीत गाण्यास नकार दिला होता.