जुन्या स्पोर्ट्स कारला रुंद टायर आणि व्हिंटेज नोंदणी: पात्रता, कागदपत्रं, परवानगी

गाडीला पुढेमागे व्हिंटेज नोंदणी घ्यायचा विचार असेल, तर रुंद टायर बसावेत म्हणून मडगार्डचा पत्रा कापू नका. आमच्या घरच्या एमजीबीचं, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं, हेच झालं. एका गॅरेजवाल्याने न विचारता मागच्या चाकावरची कड कापून दुमडली. चाकं बसली, पण मूळचा पत्रा गेला आणि तो परत मिळवायला दोन वर्षं लागली.

व्हिंटेज नोंदणीचे नियम केंद्राने जुलै 2021 मध्ये आणले, ते आपल्या गोव्यालाही लागू आहेत. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं पूर्ण झालेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी पात्र ठरते. म्हणजे 1972 साली नोंदलेली गाडी 2022 मध्ये पात्र झाली, तर 1978 च्या गाडीला 2028 पर्यंत थांबावं लागेल. दुसरी अट जास्त कडक आहे. गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल चालत नाही. टायरचा तिथे वेगळा उल्लेख नाही. माझ्या मते खरी रेघ इथेच आहे: नटबोल्ट सोडवून पूर्ववत करता येणारं चाक ही एक गोष्ट, कापलेला पत्रा ही दुसरी.

अर्ज फॉर्म 20 मध्ये करायचा. सोबत चालू विमा पॉलिसी आणि जुनं आरसी बुक जोडायचं. गाडी परदेशातून आणलेली असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद, लागते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, ती 10 वर्षं चालते. पुनर्नोंदणीला 5,000 रुपये. राज्याची समिती गाडी तपासते आणि प्रमाणपत्र 60 दिवसांत फॉर्म 23ए मध्ये मिळायला हवं. नवा नंबर ‘जीए व्हीए’ने सुरू होतो. आधीच नोंदलेल्या गाडीला मूळ नंबर ठेवता येतो, त्यामुळे गोवा-दमण-दीवच्या काळातला ‘जीडी’चा नंबर असेल तर तो सोडू नका. एक मात्र आधीच लक्षात घ्या: या नोंदणीवर गाडी रोज बाजाराला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तिथली जा-ये, पेट्रोल आणि दुरुस्ती, एवढंच.

आता चाकांकडे. खासगी गाडीच्या आरसीवर टायरचं माप नसतं, म्हणून ‘कोण बघणार’ असं सर्रास म्हटलं जातं. पण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसीवरच्या तपशिलाची सांगड उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी घालतं आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे चाकं विकत घेण्याआधी ज्या आरटीओत गाडी नोंदली आहे, तिथे लेखी अर्ज द्या आणि उत्तर लेखीच घ्या. अर्जाला आरसीची प्रत, विम्याची प्रत, गाडीचे चारही बाजूंचे फोटो, मूळ आणि नव्या टायरचं माप आणि कंपनीच्या मॅन्युअलमधलं चाकांचं पान जोडा. विमा कंपनीलाही कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्या, नाहीतर अपघातानंतर दावा अडतो.

माप निवडताना बाहेरचा व्यास जुळवा. एमजीबीवर 14 इंची रिमवर 165 चा (165 मिलिमीटर रुंद) टायर असतो, व्यास सुमारे 620 मिलिमीटर. 185/70 आर14 चा भरतो 615. फरक एक टक्क्याच्या आत, स्पीडोमीटर जवळपास बरोबर दाखवतो आणि साडेपाच इंची रिमवर तो टायर नीट बसतो. पीसीडी, म्हणजे बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, 114.3 मिलिमीटर, चार बोल्ट. रिमचा ऑफसेट (रिमच्या मध्यापासून बोल्टांची बैठक किती आत किंवा बाहेर) चुकला तर मात्र टायर बाहेर येतो किंवा आत स्प्रिंगला घासतो. या गाड्यांत मागच्या दोन्ही बाजूंची जागा सारखी नसते; दोन माणसं मागे बसवून, गाडी दाबून, दोन्हीकडे मोजा. तारांची चाकं असतील तर ट्यूब लागतेच आणि 185 घासण्याची शक्यता वाढते. मी 175 वर थांबलो असतो. पावसाळ्यात, पाणी साचलेल्या रस्त्यावर रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर पावसाचेच असतात.

काढलेली मूळ चाकं विकू नका. खाऱ्या हवेत ती लवकर गंजतात, म्हणून धुऊन, वाळवून, ग्रीस लावून घरात ठेवा. समिती तपासायला येईल त्या दिवशी तीच बसवा, आणि कापडाखाली काही दडवल्यासारखं न करता मॅन्युअल उघडं ठेवून गाडीशेजारी उभे राहा.