भिंतीआडच्या द्राक्षमळ्याचा घोट

छापील कागदावर जुन्या बरगंडीचा, म्हणजे फ्रान्सच्या बरगंडी भागातल्या रेड वाइनचा, ग्लास तिरका धरला तर वाइनमधून अक्षरं वाचता येतात. रेड वाइन म्हणजे जांभळी, गडद, हे आपण धरूनच चालतो. ही मात्र डाळिंबाच्या रसासारखी, आणि वय झालेलं असल्यामुळे कडेला विटकरी. ती ज्यापासून बनते त्या पिनो नुआर या द्राक्षाची साल पातळ, सालीत रंगद्रव्य कमी. म्हणून वाइन पाणचट निघेल असं वाटतं आणि तिथेच आपण फसतो.

डोळ्यांनी भल्याभल्यांना फसवलंय. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फ्रान्सच्या बोर्दोमधल्या वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळून दिला होता. वास घेऊन त्यांनी वर्णन लिहिलं ते रेड वाइनच्या शब्दांत!

घोट तोंडात गेला की आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग खरं तर वास असतो. तोंडातली वाफ घशामागून नाकात चढते. नाक दाबून बडीशेप चावून बघा. थोडी गोडी कळेल, पण बडीशेप ओळखू येणार नाही. नाक सोडलं की क्षणात उमगेल. पिनोतला चेरीचा, रास्पबेरीचा आणि जुन्या बाटलीतला ओल्या पालापाचोळ्याचा भास याच वाटेने येतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ‘खोलीच्या तापमानाला’ ठेवलेली बाटली उघडली तर आधी अल्कोहोलच नाकात शिरतं. ही वाइन सोळा अंशांच्या आसपास हवी.

मग येतो तुरटपणा. आयुर्वेद त्याला सहा रसांत बसवतो, पण आजचं शरीरशास्त्र त्याला मुख्यतः स्पर्श मानतं. द्राक्षाच्या सालीतली आणि बियांतली टॅनिन्स, म्हणजे तुरट द्रव्यं, लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळ्याला घासायला लागते. कच्चं केळं किंवा जांभूळ खाल्ल्यावर होतं तसंच.

राहिली ‘मातीची चव’. बरगंडीतला क्लो द वूजो हा मळा सिटो मठाच्या सिस्टर्सियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी बाराव्या शतकापासून तुकड्या-तुकड्याने जमवला आणि पुढे त्याला दगडी भिंत घातली. क्लो म्हणजे कुंपणात बंद केलेला मळा. क्षेत्र सुमारे ५० हेक्टर, म्हणजे सव्वाशे एकरांच्या आसपास. वरच्या अंगाला, जुन्या वाड्याजवळ, चुनखडीवर मातीचा पातळ थर. खाली हमरस्त्याकडे जड चिकणमाती. चुनखडी विरघळून द्राक्षात उतरते आणि मग वाइनला दगडाची चव येते, ही कल्पना रम्य आहे, पण मला ती पटत नाही. मुळं खडक चाखत नाहीत, पाण्यात विरघळलेली खनिजं तेवढी शोषतात, आणि ती वाइनमध्ये इतकी थोडी उरतात की जिभेला त्यांचा पत्ताही लागू नये. फरक पडतो तो निचऱ्याने. वर पाणी थांबत नाही, वेलीची वाढ वेळेत आवरते, मणी बारीक राहतात. रसाच्या मानाने साल जास्त, आणि रंग, गंध, टॅनिन्स यांचा बराचसा साठा सालीतच. खाली पावसाळी वर्षी मुळं ओलीत उभी राहतात.

फ्रेंच राज्यक्रांतीत मळा मठाकडून गेला. आज त्याचे सुमारे ८० मालक आहेत. कुणाच्या वाट्याला वरच्या ओळी, कुणाच्या वाट्याला खालच्या. सगळ्यांच्या बाटलीवर मळ्याचं नाव आणि ‘ग्रां क्रू’ ही सर्वोच्च प्रत तीच. म्हणून जाणकार मळ्याआधी उत्पादकाचं नाव वाचतात.