रोहिणी आणि रोहिणी: वर जाणं वेगळं, कक्षेत जाणं वेगळं

२५ जून २०२५ला शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघाले, तेव्हा इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. शेजारच्या काकूंनी विचारलं, "अगं, राकेश शर्मांनंतर हे दुसरे कसे? गेल्या वर्षी ते गोपी थोटाकुरा जाऊन आले ना?" प्रश्न अगदी रास्त होता. घरातून लगेच उत्तर आलं, "ते कमी उंचीवर गेले होते, हे खूप उंच चाललेत." मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. हे उत्तर विद्यार्थ्यांकडून, पालकांकडून, बातम्यांमधून इतक्यांदा ऐकलंय की आता राहवत नाही. उंचीत फरक आहे, पण खरा फरक उंचीचा नाही.

आपल्याकडे हे समजायला सुरेख जोडी आहे आणि दोघींचं नावही एकच. एक रोहिणी म्हणजे इस्रोची साउंडिंग रॉकेटं. वरच्या वातावरणाची मोजमापं करायला ती सरळ वर जातात आणि परत पडतात. दुसरी रोहिणी म्हणजे १८ जुलै १९८०ला एसएलव्ही-३ या रॉकेटने श्रीहरिकोट्याहून कक्षेत सोडलेला उपग्रह. मुलं निबंधात या दोघींची सर्रास सरमिसळ करतात.

रॉकेट ढकललं कसं जातं, हे इंदूरकराला फार समजावून सांगायला नको. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी इंदूरजवळच्या गौतमपुऱ्याला तुर्रा आणि कलगी हे दोन गट एकमेकांवर हिंगोट सोडतात, ते रॉकेटच असतं. पोखरून वाळवलेल्या फळात दारू ठासलेली, बांबूची काडी बांधलेली. दारू पेटली की वायू एका भोकातून जोरात मागे पडतो आणि हिंगोट पुढे जातं. मागे फेकलेल्या वायूचीच ही प्रतिक्रिया असते. मागच्या हवेला रेटून रॉकेट पुढे जातं, हे कृपा करून कुणी शिकवू नका. हवा नसते तिथे ते उलट जास्त चांगलं चालतं, फक्त जाळायला लागणारा ऑक्सिजनही सोबत न्यावा लागतो. इथपर्यंत दोन्ही रोहिणींचं सारखंच आहे. इंधन, टप्पे, आकार हे फरक तपशिलाचे.

आता घोळ होतो ती जागा.

आरएच-५६० हे रोहिणी मालिकेतलं मोठं रॉकेट सुमारे १०० किलोची उपकरणं घेऊन साडेचारशे किलोमीटरच्या वर जातं. अंतराळ स्थानक साधारण ४०० किलोमीटरवर फिरतं. म्हणजे हे साधं साउंडिंग रॉकेट स्थानकाच्याही वर पोचतं! रोहिणी उपग्रहाची कक्षा तर एका टोकाला पृथ्वीपासून सुमारे ३०० किलोमीटरवर येत होती. तरी आरएच-५६० काही मिनिटांत बंगालच्या उपसागरात पडतं आणि उपग्रह मात्र फिरत राहिला. उंचीमुळे कुणी वर टिकत असतं, तर हे उलट व्हायला हवं होतं.

टिकवतो तो आडवा वेग. ४०० किलोमीटरवर गुरुत्वाकर्षण संपत नाही. जमिनीवर आहे त्याच्या जवळजवळ ९० टक्के तिथेही असतं. तिथे एखादी वस्तू नुसती सोडून दिली, तर पहिल्या सेकंदात ती ४.३ मीटर खाली येईल. स्थानकही सेकंदाला तेवढंच खाली पडतं. पण त्याच सेकंदात ते सुमारे ७.७ किलोमीटर आडवं गेलेलं असतं, आणि पृथ्वी गोल असल्यामुळे तेवढ्या अंतरात खालची जमीनही वाकून ४.३ मीटर खाली गेलेली असते. पडणं चालू राहतं, अंतर मात्र तेवढंच राहतं. या वेगाने इंदूरहून भोपाळ २५ सेकंदांत येईल. हिंगोटही आडवंच जातं, पण त्याचा वेग इतका तोकडा की समोरच्या मैदानातच जमीन आडवी येते.

हा वेग मिळवणं किती महाग पडतं ते बघा. एक किलो वस्तू ४०० किलोमीटर नुसती उचलायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या सुमारे आठपट ऊर्जा तिला तिथे कक्षेचा वेग द्यायला लागते. म्हणून १०० किलो उपकरणं वर नेऊन पाडायला जेमतेम दीड टनाचं आरएच-५६० पुरतं, आणि ३५ किलोची रोहिणी कक्षेत ठेवायला १७ टनांचं, चार टप्प्यांचं एसएलव्ही-३ लागलं. पहिलीत किलोमागे सुमारे १५ किलो रॉकेट, दुसरीत जवळजवळ ५०० किलो.

यामुळेच उपग्रह सोडणारं रॉकेट उडाल्यावर थोड्याच वेळात कलतं. दाट हवेतून बाहेर पडण्यापुरतं ते उभं जातं, मग बहुतेक जोर आडवा वेग वाढवण्यात घालवतं. धुराची रेघ वाकलेली पाहून काकू घाबरल्या होत्या, "वाकडं चाललंय गं!" काकू, ते वाकडं गेलं नसतं तर परत आलं असतं.

"शून्य गुरुत्वाकर्षण" हा शब्द मला वर्गात चालत नाही. भारहीनता म्हणा. थोटाकुरा १९ मे २०२४ला अंतराळाची १०० किलोमीटरची सीमा ओलांडून सुमारे दहा मिनिटांत परतले, आणि मधली काही मिनिटं तेही तरंगले. शुक्लाही तरंगले. कारण दोघांचं एकच: यान आणि आतला माणूस बरोबरच पडत असतात. त्यामुळे तरंगण्यावरून कोण कक्षेत आहे हे कळत नाही.

म्हणून काकूंच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: थोटाकुरा अंतराळात जाऊन आले, हे खरंच आहे. १९८४मध्ये राकेश शर्मा कक्षेत गेले आणि जवळजवळ आठ दिवस पृथ्वीभोवती फिरत राहिले. त्यांच्यानंतर कक्षेत गेलेले भारतीय नागरिक म्हणजे शुक्ला. बातमीत "अंतराळात" आणि "कक्षेत" यांतला नेमका शब्द वापरला असता, तर काकूंना विचारावंच लागलं नसतं.