भूलोत्तर घसादुखी

पूर्ण भूल देऊन केलेल्या शस्त्रक्रियेनंतर घसा खवखवणे, गिळताना दुखणे किंवा आवाज बसणे. श्वासनलिकेत नळी घातलेल्या रुग्णांत ही तक्रार नेहमीची असून स्त्रियांत अधिक आढळते. पहिल्या दिवशी त्रास सर्वांत जास्त असतो आणि बहुधा दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरतो.

नळीच्या टोकाजवळचा कफ, म्हणजे हवेचा फुगा, श्वासनलिकेच्या भिंतीला टेकून हवेची गळती थांबवतो. त्याचा दाब २० ते ३० सेंमी पाण्याइतका ठेवतात. दाब ३० च्या वर गेला की आतल्या त्वचेचा रक्तपुरवठा घटू लागतो आणि ५० च्या आसपास तो जवळजवळ थांबतो. कफला जोडलेला, तोंडाबाहेर राहणारा छोटा फुगा बोटांनी चाचपून दाब ओळखण्याची सवय सर्वत्र आहे, पण तो अंदाज फसतो. हवा बहुतेक वेळा जास्तच भरली जाते. दाबमापक स्वस्त आहे आणि तो शस्त्रक्रियेच्या प्रत्येक टेबलाजवळ असायलाच हवा. नायट्रस ऑक्साइड हा भुलेचा वायू वापरल्यास तो कफमध्ये झिरपून दाब वाढवत राहतो, म्हणून मोजणी अधूनमधून पुन्हा करावी लागते.

त्याखालोखाल महत्त्व नळीच्या मापाला. स्त्रियांना ७ ऐवजी ६ किंवा ६.५ मिमी आतील व्यासाची नळी घातल्यास घसा कमी दुखतो. नेहमीच्या शस्त्रक्रियेत एवढ्या नळीतून श्वास सहज देता येतो. पुढे अतिदक्षता विभागात ब्राँकोस्कोपी (दुर्बिणीने श्वासनलिकेची तपासणी) लागण्याची शक्यता असेल, तर मात्र मोठी नळी हवी.

नळी घालताना स्वरयंत्र पाहण्याचे उपकरण म्हणजे लॅरिन्गोस्कोप. त्याच्या निवडीबद्दल अपेक्षा बेताच्याच ठेवाव्यात. १९४३ पासून वापरात असलेल्या मॅकिन्टॉशच्या वक्र पात्यापेक्षा कॅमेरा व पडदा असलेल्या व्हिडिओ लॅरिन्गोस्कोपने स्वरयंत्र चांगले दिसते आणि जोर कमी लावावा लागतो. तरी घसादुखी दर वेळी कमी होतेच असे नाही. जास्त वाकडे पाते असेल तर नळीत ताठ स्टायलेट (नळीला आकार देणारी तार) घालावा लागतो. नजर पडद्यावर खिळलेली असताना त्याच्या जोरावर नळीचे टोक मऊ टाळूत घुसू शकते. म्हणून टोक जिभेमागे जाईपर्यंत तोंडातच पाहावे, मग पडद्याकडे. टोक स्वरतंतूंपाशी पोचले की स्टायलेट मागे घ्यावा.

आर्ची ब्रेन यांनी १९८१ मध्ये प्रथम वापरलेला लॅरिन्जियल मास्क स्वरयंत्राच्या वरच बसतो, त्यामुळे त्रास सहसा कमी होतो. त्याच्या कफचा दाब मात्र ६० सेंमीच्या आत ठेवावा लागतो; आय-जेल या मास्कच्या प्रकारात हवा भरावीच लागत नाही. पोट भरलेल्या रुग्णाला यांपैकी काहीही चालत नाही, तिथे नळीच हवी.

आंधळेपणाने केलेले सक्शन, नाकातून पोटात घातलेली नळी, घशात कोंबलेला गॉज आणि जाग येताना येणारा जोरदार खोकला हीही कारणे आहेत. भुलेआधी शिरेतून दिलेले डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, केटामिन या भुलेच्या औषधाच्या गुळण्या किंवा ज्येष्ठमधाच्या गुळण्या (ज्येष्ठमध अर्धा ग्रॅम, ३० मिली पाण्यात) यांनी त्रास कमी होतो. नळीला बधिरता आणणारी लिग्नोकेन जेली लावण्याची प्रथा जुनी, फायदा नगण्य.

नंतर पॅरासिटामॉल आणि घोट घोट पाणी सहसा पुरते. आवाज दोन आठवड्यांनंतरही बसलेला असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे. स्वरयंत्रातला सांधा सरकलेला किंवा तिथे गाठ आलेली असू शकते. तीव्र वेदना, ताप, श्वास घेताना त्रास किंवा मानेची त्वचा दाबल्यावर करकरणे ही घशाला किंवा अन्ननलिकेला छिद्र पडल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.