भावंडाचे मूत्रपिंड घेताना: नात्याचा पुरावा आणि एचएलए अहवाल

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून मुंबईला किंवा कोल्हापूरला प्रत्यारोपणासाठी गेलेल्या ज्या कुटुंबांचे अर्ज माझ्या पाहण्यात परत आले, त्यांतील बहुतेक नात्याच्या पुराव्यापाशीच अडले होते.

१९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार आई-वडील, मुले, भावंडे, पती-पत्नी, आजी-आजोबा आणि नातवंडे हेच जवळचे नातेवाईक होत. मामा, काका, भाचा किंवा वहिनी दाता असल्यास प्रकरण प्राधिकार समितीपुढे, म्हणजे अशा दानाला परवानगी द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या समितीपुढे जाते.

घरच्यांना सर्वाधिक घाबरवतो तो एचएलए अहवाल, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा ठरवणारी जनुके दाता आणि रुग्णात किती जुळतात हे सांगणारा अहवाल. सहाव्या गुणसूत्रावरील या जनुकांचा एक संच आईकडून आणि एक वडिलांकडून येत असल्याने सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणीची शक्यता साधारण २५ टक्के, निम्म्या जुळणीची ५० टक्के आणि काहीच न जुळण्याची २५ टक्के असते. त्यामुळे शून्य जुळणीने रक्ताचे नाते खोटे ठरत नाही, आणि आजच्या औषधांमुळे तेवढ्यावरून दाताही बाद होत नाही. मोठा अडसर असतो तो क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येण्याचा, म्हणजे रुग्णाच्या रक्तात दात्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे असण्याचा. गर्भारपणामुळे किंवा रक्त चढवल्यामुळे अशी प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. म्हणून क्रॉसमॅच चाचणीनंतर रक्त चढवले असेल, तर ते डॉक्टरांना न चुकता सांगावे.

कागदपत्रांवरून नाते निर्विवाद ठरले नाही, तर डीएनए चाचणी सांगितली जाऊ शकते. तीतूनही नाते सिद्ध न झाल्यास आई-वडिलांपैकी किमान एकाची, ते नसल्यास इतर तयार नातेवाइकांची तपासणी होते. तीही न झाल्यास नाते सिद्ध झाले नाही असेच धरले जाते. आई थकलेली असली, तरी तिच्या रक्ताच्या नमुन्याची सोय आधीच करून ठेवावी.

बहीण दाता असली की आधारवर सासरचे नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, आणि जन्मनोंदीत नावाची जागा रिकामी, असे वारंवार दिसते. ही दोन नावे जोडणारा विवाह नोंदणी दाखला कित्येक घरांत नसतोच. तो ग्रामपंचायतीतून उशिरानेही मिळतो, म्हणून तपासण्या सुरू होताच मागावा. तहसीलदाराचा किंवा सरपंचाचा नातेसंबंधाचा दाखला नियमांत मान्य असताना केवळ जन्मदाखल्यासाठी आजारी माणसाला परत पाठवणे अन्यायाचे आहे. चाकरमान्यांच्या शिधापत्रिकेवर मुंबईचा पत्ता आणि आधारवर गावचा असेल, तर तो आधी एक करून घ्यावा. दाता, रुग्ण आणि तिसरा जवळचा नातेवाईक यांचे एकत्र छायाचित्रही लागते.

प्राधिकार समितीने अर्ज फेटाळल्यास अपिलाची ३० दिवसांची मुदत बैठकीच्या दिवसापासून नव्हे, तर आदेश मिळाल्याच्या तारखेपासून मोजली जाते. तोंडी नकारावर घरी न परतता लेखी आदेश मागून घ्यावा.