हस्तलिखित स्वतःलाच पोस्टाने पाठवलं की कॉपीराइट मिळतो?

नाशिकमध्ये नव्याने लिहिणाऱ्यांना आजही सल्ला मिळतो: हस्तलिखित स्वतःच्याच पत्त्यावर पोस्टाने पाठवा, पाकीट फोडू नका, कॉपीराइट पक्का. हे चूक आहे. कथा कागदावर किंवा मोबाइलमध्ये उतरली, तेव्हाच १९५७च्या कायद्याने हक्क लेखकाचा होतो. पाकीट उघडं पाठवून नंतरही चिकटवता येतं, म्हणून पुरावा म्हणूनही ते लंगडंच. त्यापेक्षा तारखांसकट कच्चे खर्डे जपा, संपादकाला ईमेलनेच पाठवा. नोंदणी ऐच्छिक आहे. करायचीच तर कॉपीराइट कार्यालयाचा फॉर्म १४ भरा, आक्षेपांसाठी ३० दिवस थांबावं लागतं.

हक्क मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो. कुसुमाग्रज १९९९मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कवितांवरचा हक्क २०५९अखेरपर्यंत आहे. वारसांसाठी ही केवढी मोठी गोष्ट!

खरा घात होतो तो करारात. ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ या एका ओळीखाली घाईने सही होते आणि अनुवाद, ऑडिओ, चित्रपट सगळंच हातचं जातं. प्रत्येक हक्क वेगळा लिहून घ्या. मुदत, प्रदेश आणि मानधनही. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.