कात्री, गोंद आणि स्वतःचाच आवाज: मोठ्यांच्या कार्टून मालिका कुठून आल्या

साउथ पार्क या अमेरिकन कार्टून मालिकेचा कुठलाही एपिसोड लावा, पहिल्या मिनिटात वाटतं की हे कुणीतरी शाळेतल्या क्राफ्टच्या तासाला बसून कागद कापून केलंय, आणि सुरुवात खरंच तशीच झाली होती. १९९२ साल, अमेरिकेतलं बोल्डर, कोलोरॅडो युनिव्हर्सिटी. ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन तिथे फिल्म शिकत होते. जाड रंगीत कागद, कात्री, गोंद आणि एक जुना ८ एमएम कॅमेरा एवढ्या सामानात त्यांनी ख्रिसमसवर एक शॉर्ट फिल्म केली. कागदाचा तुकडा किंचित सरकवायचा, फ्रेम घ्यायची, परत सरकवायचा, परत फ्रेम, असं तासन् तास. गोष्ट अशी की चार पोरं बर्फाचा माणूस बनवतात, त्याच्या डोक्यावर जादूची टोपी ठेवतात, तो जिवंत होतो आणि मारत सुटतो, शेवटी देखाव्यातला बाळ येशू आपलं तेजोवलय भिरकावून त्याची टोपी उडवतो. डिसेंबरात विद्यार्थ्यांच्या फिल्म दाखवतात त्या कार्यक्रमात ती दाखवली गेली, पब्लिक हसलं, आणि विषय तिथेच संपायला हरकत नव्हती.

पण ब्रायन ग्रेडन नावाच्या टीव्हीतल्या एका अधिकाऱ्याने ती बघितली. १९९५ मध्ये त्याने या दोघांना थोडे पैसे देऊन सांगितलं की मला मित्रांना पाठवायला ख्रिसमसचं व्हिडिओ ग्रीटिंग करून द्या. यांनी परत कागदच कापला, या वेळी येशू आणि सांताक्लॉजची मारामारी. ग्रेडनने कॅसेट मित्रांना वाटली, मित्रांनी कॉपी करून त्यांच्या मित्रांना, असं करत करत व्हीएचएसच्या कॉपीच्या कॉपीच्या कॉपी फिरायला लागल्या, हॉलिवूडच्या जॉर्ज क्लूनीनेही कॉप्या काढून वाटल्या म्हणतात. मग कुणीतरी ती इंटरनेटवर टाकली. तेव्हा यूट्यूब यायला अजून दहा वर्षं होती, डायल-अपवर एवढीशी क्लिप उतरवायची म्हणजे केवढा वेळ जायचा, तरी लोकांनी उतरवली. व्हायरल व्हिडिओचं अगदी सुरुवातीचं उदाहरण म्हणून तिचं नाव घेतात ते उगाच नाही. त्यातूनच कॉमेडी सेंट्रल या चॅनलशी बोलणं झालं आणि १३ ऑगस्ट १९९७ ला मालिका सुरू झाली. क्लूनी पहिल्याच सीझनमध्ये आवाज द्यायला आला, आणि त्याला रोल दिला कुत्र्याचा!

आता मला यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. मालिकेचा पहिला एपिसोड खरोखर कागद कापूनच केला होता आणि त्याला तीन महिन्यांपेक्षा जास्त लागले. दर आठवड्याला एपिसोड द्यायचा तर हे जमणारच नाही, म्हणून दुसऱ्या एपिसोडपासून सगळं कॉम्प्युटरवर गेलं. आणि कसल्या कॉम्प्युटरवर, तर सिलिकॉन ग्राफिक्सच्या महागड्या मशीन्सवर, थ्रीडीसाठी वापरतात तसल्या सॉफ्टवेअरमध्ये, पुढे तर माया नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये. एवढी ताकद वापरून काय करायचं, तर कागद सरकवल्यासारखाच दिसला पाहिजे, पोरं चालताना टुणटुण उड्या मारल्यासारखीच चालली पाहिजेत. म्हणजे पैसा आल्यावर त्यांनी चित्रं सुधारली नाहीत, बिघडलेलीच ठेवली, आणि ती ठेवण्यासाठी मेहनत घेतली. वाचलेला वेळ कुठे गेला? लिखाणात. बहुतेक एपिसोड साधारण सहा दिवसांत तयार होतात, त्यामुळे या आठवड्यातली बातमी याच आठवड्याच्या एपिसोडमध्ये येऊ शकते, जे दुसऱ्या बहुतेक ॲनिमेशन मालिकांना जमत नाही, कारण त्यांना एका एपिसोडला कित्येक महिने लागतात. सोळा वर्षं त्यांनी एकही डेडलाइन चुकवली नाही, पहिल्यांदा चुकली ती ऑक्टोबर २०१३ मध्ये, स्टुडिओतली लाइट गेली म्हणून.

लोक म्हणतात की बघा, साधी चित्रं असूनही चालली. मला ते उलट वाटतं, चित्रं साधी होती म्हणूनच चालली. चित्र स्वस्त असलं की परवानगी मागायला लागत नाही. एकच माणूस किंवा दोघं बसून लिहितात, हलवतात, आवाज देतात, आणि विनोदाचं टायमिंग त्यांच्या डोक्यात होतं तसंच पडद्यावर येतं, मधे दहा जणांच्या हातातून जाऊन ते बोथट होत नाही.

यासाठी थोडं मागे जायला पाहिजे. अमेरिकेत प्राइम टाइमला कार्टून ही गोष्ट एकदा होऊन गेली होती, फ्लिंटस्टोन्स १९६० ते १९६६ चालली. त्यानंतर मात्र टीव्हीवर कार्टून म्हणजे शनिवार सकाळचा पोरांचा माल असं जवळजवळ ठरूनच गेलं. ते मोडलं सिम्पसन्सने, आणि तेही मालिका म्हणून आलेच नव्हते. ट्रेसी उलमन नावाच्या कॉमेडियनचा फॉक्स चॅनलवर शो होता, त्यातल्या दोन स्केचच्या मधे टाकायला काहीतरी छोटं पाहिजे होतं. निर्माते जेम्स एल. ब्रुक्स यांनी मॅट ग्रेनिंगला बोलावलं, त्याची लाइफ इन हेल ही कॉमिक स्ट्रिप तेव्हा छापून येत होती. तीच द्यायची तर तिचे हक्क सोडावे लागतील हे लक्षात आल्यावर ग्रेनिंगने ऑफिसच्या लॉबीत बसल्या बसल्या एक नवीनच कुटुंब काढलं, आणि नावं दिली सरळ आपल्या घरातली, वडील होमर, आई मार्गरेट म्हणून मार्ज, बहिणी लिसा आणि मॅगी. स्वतःचं नाव तेवढं बदलून बार्ट केलं.

पहिला तुकडा १९ एप्रिल १९८७ ला लागला. पोरांना झोपवायचा प्रसंग, आणि तोही एकसलग नाही, शोमध्ये चार ठिकाणी वाटून. असे एकूण ४८ शॉर्ट्स झाले. ते आज बघाल तर धक्का बसेल, तोंडं वेडीवाकडी, रेषा थरथरतायत, होमरचा आवाज वेगळाच. कारण असं की ग्रेनिंगने कच्ची स्केचेस दिली होती, त्याला वाटलं ॲनिमेटर्स ती साफसूफ करून घेतील, पण डेव्हिड सिल्वरमन, वेस आर्चर आणि बिल कॉप एवढ्या तिघांवरच सुरुवातीचं काम होतं, त्यांनी वेळेअभावी तीच रेष गिरवली आणि पुढे सरकले. पिवळा रंग ग्योर्गी पेलूस नावाच्या कलरिस्टने ठरवला, मार्जचे निळे केसही तिचेच. आवाजाचंही तसंच काटकसरीत भागवलं, डॅन कॅस्टेलानेटा आणि ज्युली कॅव्हनर आधीपासून उलमनच्या शोमध्ये काम करत होतेच, त्यांनाच होमर-मार्ज करायला सांगितलं. नॅन्सी कार्टराइट ऑडिशनला आली होती लिसासाठी, तिने बार्टचं वर्णन वाचलं आणि म्हणाली मला हाच करू द्या.

मिनिटभराच्या तुकड्याचा अर्ध्या तासाचा एपिसोड करायचा ठरलं तेव्हा मात्र फेफे उडाली. पहिला तयार झालेला एपिसोड कोरियातून ॲनिमेट होऊन आला आणि ब्रुक्स भयंकर भडकले. अडचण चित्रं वाईट असण्याची नव्हती, अडचण अशी की सगळं रबरासारखं वाकत होतं, दार आपटलं तर दारच पाण्यासारखं लहरायचं. म्हणजे जुन्या कार्टूनमध्ये चालतं तसं. पण इथे लोकं विचित्र दिसणारी असली तरी त्यांचं घर, दार, टेबल घट्ट पाहिजे होतं, कारण बाप पोराचा गळा धरतो आणि पुढच्या मिनिटाला त्याच बापाची नोकरी जाते याचं वाईट वाटायचं असेल तर ते जग खरं वाटायला लागतं. जवळजवळ ७० टक्के एपिसोड परत केला. मालिका सप्टेंबरच्या आसपास यायची ती १७ डिसेंबर १९८९ ला ख्रिसमसच्या एपिसोडने सुरू झाली, आणि तो बिघडलेला पहिला एपिसोड सीझनच्या शेवटी, मे १९९० मध्ये दाखवला. माझ्या मते ओबडधोबड शॉर्ट आणि मालिका यांच्यातला खरा फरक या दुरुस्तीत दिसतो. रेष सुधारण्यापेक्षा त्या जगाचे नियम ठरवणं त्यांना जास्त गरजेचं वाटलं.

सिम्पसन्स चालल्यावर दारं उघडली, पण सगळ्यांना टीव्हीवरचा मोठा निर्माता भेटत नाही. माइक जजचं बघा. शिक्षण फिजिक्सचं, थोडे दिवस इंजिनिअर म्हणून नोकरी, मग बँडमध्ये बास गिटार. १९८९ मध्ये एका थिएटरात ॲनिमेशनचे सेल, म्हणजे ज्या पारदर्शक शीटवर चित्रं रंगवतात त्या, मांडून ठेवलेले त्याने बघितले आणि सरळ १६ एमएमचा बोलेक्स कॅमेरा घेऊन आला. घरीच शॉर्ट्स करायला लागला. त्यातल्या एकात मिल्टन नावाचा, ऑफिसात सतत पुटपुटणारा, सगळे ज्याला गृहीत धरतात असा माणूस होता, त्यावरून पुढे १९९९ मध्ये ऑफिस स्पेस हा सिनेमा आला. आणि १९९२ च्या फ्रॉग बेसबॉलमध्ये बीव्हिस आणि बटहेड आले. दोन बिनडोक पोरं बेडकाला बॉलसारखं टोलवतात एवढीच गोष्ट, बघवत नाही खरं तर. पण त्यांचं ते खीखी हसणं डोक्यातून जात नाही. दोघांचे आवाज जजचेच.

असल्या फिल्म दाखवणार कुठे? तर स्पाइक अँड माइक म्हणून एक फिरता ॲनिमेशन फेस्टिव्हल होता, त्यांनी फक्त मोठ्यांसाठी अचकटविचकट शॉर्ट्सचा वेगळा कार्यक्रम चालू केला होता. शिवाय एमटीव्हीवर १९९१ पासून लिक्विड टेलिव्हिजन नावाचा शो होता, त्यात विचित्रातलं विचित्र ॲनिमेशन लागायचं. जजचं काम दोन्हीकडे दिसलं आणि ८ मार्च १९९३ ला एमटीव्हीवर मालिका सुरू. त्यात निम्मा वेळ ही पोरं सोफ्यावर बसून म्युझिक व्हिडिओ बघतात आणि बडबडतात. पडद्यावर काहीही हलत नाही, ओठ आणि क्वचित एखादा हात, आणि ती बडबड जज बरीचशी उत्स्फूर्त करायचा. ॲनिमेशनच्या दृष्टीने यापेक्षा कमी काम शक्यच नाही, आणि तोच भाग लोकांना सगळ्यात जास्त आवडायचा.

सेथ मॅकफार्लेनचा रस्ता कॉलेजमधून. ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनला १९९५ मध्ये त्याने शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून लाइफ ऑफ लॅरी केला, एक मठ्ठ मध्यमवयीन माणूस आणि त्याचा शहाणा बोलणारा कुत्रा. त्याच्या प्राध्यापकांनी ती फिल्म हॅना-बार्बेरा या कार्टून स्टुडिओकडे पाठवली, नोकरी लागली, १९९७ मध्ये तीच जोडी थोडी बदलून कार्टून नेटवर्कवर लॅरी अँड स्टीव्ह म्हणून आली. मग फॉक्सने पायलटसाठी, म्हणजे नमुन्याच्या एपिसोडसाठी, ५०,००० डॉलर दिले, जे ॲनिमेशनच्या हिशोबात काहीच नाही, आणि हा सहा महिने स्वयंपाकघरात बसून चित्रं काढत राहिला. ३१ जानेवारी १९९९ ला सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलच्या, मॅचनंतर फॅमिली गाय ही मालिका लागली. पीटर, स्ट्युई, ब्रायन कुत्रा, तिघांचेही आवाज त्याचे. २००२ मध्ये बंद पडली, पण डीव्हीडी तुफान खपल्या, मोठ्यांच्या कार्टूनसाठीच्या अडल्ट स्विम चॅनलवर रिपीट एपिसोडही जोरात चालले आणि मे २००५ मध्ये फॉक्सला ती परत आणावी लागली.

पुढची पिढी आली तोपर्यंत टीव्हीवाल्यांची वाट बघायची गरजच कमी झाली होती. डॅन हार्मन आणि रॉब श्राब यांनी लॉस एंजेलिसमध्ये चॅनल १०१ चालू केलं होतं, दर महिन्याला लोकांनी पाच मिनिटांच्या आतले 'पायलट' घेऊन यायचं, प्रेक्षकांनी मतं द्यायची, ज्याला मतं मिळतील त्याने पुढच्या महिन्यात पुढचा भाग करायचा, नाहीतर तिथेच बंद. जस्टिन रॉयलंडने २००६ मध्ये तिथे बॅक टू द फ्युचर या सिनेमातल्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञाची आणि पोराची अत्यंत घाणेरडी नक्कल दाखवली, चित्रं तर भयानकच, आवाज दोन्ही त्याचेच. काही वर्षांनी अडल्ट स्विमने हार्मनकडे नवीन मालिका मागितली तेव्हा त्याला तेच दोन आवाज आठवले. रिक अँड मॉर्टी २ डिसेंबर २०१३ ला आली. घाण काढून टाकली, पोराच्या घरात आईबाप आणि बहीण आणली, हार्मनने कथेची घट्ट रचना दिली, पण अडखळत, ढेकर देत बोलणारा म्हातारा रिक आणि घाबरून चिरकणारा पोरगा मॉर्टी हे तसेच राहिले.

एकाच माणसाच्या गळ्यावर सगळं उभं असण्याची जोखीमही याच मालिकेत समोर आली. जानेवारी २०२३ मध्ये अडल्ट स्विमने रॉयलंडशी संबंध तोडले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सातवा सीझन आला तेव्हा रिकसाठी इयन कार्डोनी आणि मॉर्टीसाठी हॅरी बेल्डन असे दोन वेगळे कलाकार होते, आणि दोघांचंही काम एकच, त्या पाच मिनिटांच्या शॉर्टमधून आलेलं अडखळणं आणि चिरकणं तंतोतंत पकडायचं.